चर्च, कॉफी आणि लहान शेतकरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चच्या समित्या, तरुण संघ आणि चर्चशी काहीही संबंध नसलेले वाचकही आम्हाला फेअर ट्रेड कॉफीबद्दल, म्हणजे लहान शेतकऱ्यांना योग्य भाव देऊन घेतलेल्या कॉफीबद्दल, प्रश्न पाठवत असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे अगदी प्राथमिक आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चर्चची कॉफी भागीदारी म्हणजे नेमकं काय?

अमेरिका आणि युरोपात रविवारची उपासना संपली की मंडळी लगेच घरी जात नाहीत. सभागृहात कॉफी घेत गप्पा होतात. त्यामुळे चर्च हे कॉफीचं नेमाचं गिऱ्हाईक आहे. दर आठवड्याला, वर्षभर, मंदी असो वा तेजी. ही कॉफी कुठल्याही दुकानातून न आणता लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडून माल घेणाऱ्या व्यापारी संस्थेकडून आणायची, एवढाच या भागीदारीचा गाभा आहे.

साखळीत शेतकरी, त्यांची सहकारी संस्था, कॉफी आयात करून भाजणारी संस्था आणि चर्च असतं. बऱ्याचदा त्या पंथाची मदतसंस्थाही सोबत असते. उदाहरणार्थ, अमेरिकेत इक्वल एक्स्चेंज ही कामगारांच्याच मालकीची संस्था १९९० च्या दशकाच्या मध्यापासून लुथरन वर्ल्ड रिलीफबरोबर काम करू लागली. पुढे प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, मेनोनाइट, कॅथलिक अशा अनेक पंथांच्या संस्था तिच्याशी जोडल्या गेल्या. मंडळी, म्हणजे एकेका चर्चचे उपासक मिळून, घाऊक भावात कॉफी घेतात आणि प्रत्येक पौंड (सुमारे ४५४ ग्रॅम) वजनामागे ठरावीक सेंट मदतसंस्थेच्या शेतकरी निधीत जमा होतात.

२. यात चर्चचा हात खरंच होता, की चालत्या गाडीत चर्च नंतर चढलं?

सुरुवातीपासून होता. १९४६ मध्ये मेनोनाइट सेंट्रल कमिटीच्या कार्यकर्त्या एडना रूथ बायलर यांनी प्वेर्तो रिकोतल्या बायकांचं भरतकाम अमेरिकेत ओळखीच्यांना विकायला सुरुवात केली. १९४९ मध्ये चर्च ऑफ द ब्रेदरनने युद्धातल्या निर्वासितांच्या हस्तकलेसाठी 'सर्व्ह' ही संस्था काढली. तेव्हा सगळा भर हस्तकलेवर होता. कॉफी आली ती नेदरलँड्समधून. केर्कराडे गावातल्या कॅथलिक तरुणांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या संस्थेने १९७३ मध्ये ग्वातेमालाच्या सहकारी संघाची कॉफी युरोपात आणली. जर्मनीत १९७५ साली 'गेपा' उभी राहिली, तिच्यामागेही दोन्ही बाजूंच्या, म्हणजे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, चर्चच्या संस्था होत्या.

सगळ्यात मोठं पाऊल मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून पडलं. तिथे फ्रान्स व्हॅन डर हॉफ हे डच धर्मगुरू आदिवासी कॉफी उत्पादकांमध्ये राहत होते. त्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'उसिरी' ही आपली संस्था बांधली. त्यांचं म्हणणं सरळ होतं : आम्हाला मदत नको, योग्य भाव द्या. व्हॅन डर हॉफ आणि चर्चच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या 'सॉलिडारिडाड' संस्थेचे निको रोझेन यांनी मिळून नोव्हेंबर १९८८ मध्ये 'मॅक्स हॅवेलार' ही, माल योग्य भावाने घेतल्याची पाकिटावरची खूण बाजारात आणली. तोवर अशी कॉफी फक्त खास दुकानांत किंवा चर्चच्या टेबलावर मिळत होती. खुणेमुळे ती साध्या किराणा दुकानाच्या फळीवर पोचली. ब्रिटनमध्ये १९९२ साली फेअरट्रेड फाउंडेशन स्थापन करणाऱ्यांतही कॅफॉड, ख्रिश्चन एड आणि ट्रेडक्राफ्ट या ख्रिस्ती संस्था होत्या.

३. लहान शेतकऱ्याची अडचण नक्की काय असते? कॉफी तर सगळ्या जगाला हवी असते.

कॉफीचं फळ चेरीएवढं असतं आणि एका घोसातली सगळी फळं एकदम पिकत नाहीत. म्हणून चांगल्या मालासाठी तोडणी हातानेच होते आणि एकाच झाडाकडे हंगामात तीन-चार वेळा परत यावं लागतं. दिवसभर तोडलेलं लाल फळ त्याच दिवशी यंत्रातून काढून गर वेगळा करावा लागतो. ठेवलं तर ते पोत्यातच आंबतं आणि चव बिघडते. ज्याच्याकडे गर काढायचं यंत्र नाही, धुवायला पुरेसं पाणी नाही, वाळवायला खळं नाही, त्याच्या हातात संध्याकाळपर्यंतचाच वेळ असतो. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत नेमक्या त्या वेळी दलाल गाडी आणि वजनकाटा घेऊन रस्त्यावर हजर होतो. त्याला तिथे 'कोयोते' म्हणतात. काटा त्याचा, भावही त्याचाच. पुष्कळदा शेतकऱ्याने हंगामाआधी त्याच्याकडूनच उचल घेतलेली असते. त्यामुळे घासाघीस करायला तोंडच उरत नाही.

हे झालं गावातलं. खुद्द भाव ठरतो तो दूरवर. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाचा न्यूयॉर्कच्या आणि रोबस्टाचा लंडनच्या वायदेबाजारात. ब्राझीलमध्ये कडाक्याची थंडी पडून बागा करपल्या की तो चढतो, तिथे पीक भरघोस आलं की कोसळतो. १९६२ पासून आंतरराष्ट्रीय कॉफी करार होता. देशांना निर्यातीचा कोटा ठरवून दिल्याने भावाला थोडाफार आधार मिळत होता. जुलै १९८९ मध्ये कोटापद्धत मोडली आणि भाव घसरले. २००१ च्या अखेरीस अरेबिकाचा भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला. बहुतेकांचा उत्पादन खर्चही त्यातून निघत नव्हता. कॉफीचं झाड लावल्यावर फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. त्यामुळे भाव पडला म्हणून यंदा दुसरं पीक घेऊ असं करता येत नाही. माणसं गाव सोडून जातात. याचं एक बोलकं उदाहरण प्रश्न १२ मध्ये आहे.

४. पाकिटावर वेगवेगळ्या खुणा दिसतात. सगळ्या सारख्याच असतात का?

नाही. निळ्या-हिरव्या रंगाची आणि काळ्या पार्श्वभूमीवरची खूण फेअरट्रेड इंटरनॅशनलची. राष्ट्रीय संस्थांनी एकत्र येऊन १९९७ मध्ये ही संघटना बांधली आणि तिचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. कॉफीच्या बाबतीत ती फक्त लहान उत्पादकांच्या संघटनांनाच प्रमाणपत्र देते. अमेरिकेतली फेअर ट्रेड यूएसए २०११ च्या अखेरीस तिच्यातून बाहेर पडली. तिचे नियम वेगळे आहेत (प्रश्न १३). लॅटिन अमेरिकेतल्या लहान उत्पादकांनी स्वतःची खूणही काढली आहे, तिला 'एसपीपी' म्हणतात. तिचे नियम शेतकरी संघटनांनीच ठरवलेले आहेत.

'डायरेक्ट ट्रेड' असं लिहिलेलं असेल तर त्यामागे सर्वमान्य नियम नाहीत. काही भाजणारे त्या नावाखाली फार चांगला भाव देतात, काही नुसतं नाव लावतात. विचारल्याशिवाय कळत नाही.

५. हमीभाव किती असतो? शेतकऱ्याच्या हातात त्यातले किती पडतात?

फेअरट्रेड इंटरनॅशनलचा धुतलेल्या (गर काढून, धुऊन वाळवलेल्या) अरेबिकाचा किमान भाव बराच काळ पौंडाला १.४० डॉलर होता. ऑगस्ट २०२३ पासून तो १.८० डॉलर झाला. सेंद्रिय असेल तर वर ४० सेंट. शिवाय २० सेंट सामाजिक वाढीव रक्कम (प्रश्न ६). म्हणजे साध्या कॉफीला एकूण २ डॉलर आणि सेंद्रियला २.४०. बाजारभाव किमान भावाच्या वर असेल तर बाजारभाव मिळतो आणि वाढीव रक्कम त्यावर वेगळी.

पण हे पैसे शेतकऱ्याच्या नव्हे, त्याच्या संस्थेच्या हातात पडतात, आणि तेही बंदरावर माल जहाजात चढला त्या टप्प्याचे. त्यातून टरफल काढणं, प्रतवारी, पोती, वाहतूक, निर्यातीची कागदपत्रं, कर्जावरचं व्याज, कार्यालय आणि तपासणीची फी हे सगळं वजा होतं. उरतं ते सभासदाचं. संस्था नीट चालवलेली असेल तर मोठा वाटा त्याच्यापर्यंत पोचतो, डोक्यावर जुनं कर्ज असेल तर बराच आटतो. म्हणून 'शेतकऱ्याला २ डॉलर मिळतात' असं चर्चच्या फलकावर लिहू नका. ते खरं नाही, आणि कोणी हिशेब विचारला तर सगळ्याच कामावरचा विश्वास उडतो.

आणखी एक गोष्ट मापाची. हा भाव हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या बियांचा आहे. एक किलो हिरव्या बियांसाठी साधारण पाच-सहा किलो फळ तोडावं लागतं. भाजताना पुन्हा वजनात १५ ते २० टक्के घट येते. पाकिटाची किंमत आणि शेतकऱ्याचा भाव शेजारी शेजारी ठेवण्याआधी ही घट धरावी.

६. वाढीव रकमेचं काय होतं? ती कोण खर्च करतं?

ती संस्थेच्या खात्यात जाते आणि सर्वसाधारण सभेत सभासद मतदानाने ठरवतात. पौंडामागच्या २० सेंटपैकी किमान ५ सेंट उत्पादन किंवा दर्जा सुधारण्यासाठी वापरायचे असा नियम आहे. बाकी शाळा, दवाखाना, रस्ता, खळं, रोपवाटिका, किंवा सरळ सभासदांत रोख वाटप, जे सभा ठरवेल ते. मंडळींना शाळेचा फोटो आवडतो, हे समजण्यासारखं आहे. पण २०१२-१३ मध्ये मध्य अमेरिकेत तांबेरा पसरला आणि बागाच्या बागा उघड्या पडल्या. अशा वेळी पानांवरच्या नारिंगी बुरशीपुढे टिकणारी नवी रोपं हीच सगळ्यात निकडीची गरज असते. वाढीव रक्कम रोपवाटिकेत गेली म्हणून कुणी निराश होऊ नये.

७. बाजारभावच भरपूर वाढलेला असताना हमीभावाचा काय उपयोग?

२०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कचा भाव पौंडाला ४ डॉलरच्या वर गेला. त्यानंतर हा प्रश्न फार आला.

हमीभाव हा पडत्या काळासाठी असतो. २००१ मध्ये बाजार ५० सेंटच्या खाली होता तेव्हा फेअरट्रेडचा भाव वाढीव रकमेसकट १.२६ डॉलर होता. त्या काळात ज्या संस्था तरल्या त्यांतल्या कित्येक या फरकावर तरल्या. तेजीत अडचण निराळी असते. दलाल दारात रोख पैसे मोजतो, संस्था मात्र माल विकून झाल्यावर हिशेब करते. सभासद माल बाहेर देतात, आणि संस्थेने आधी केलेला करार पुरा करायला कॉफीच उरत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती उचल. फेअरट्रेडच्या नियमांनुसार संस्थेने मागितल्यास खरेदीदाराने कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ मिळण्याची सोय करायची असते. हातात रोख असेल तर संस्था सभासदाचं फळ दलालाच्या आधी उचलू शकते. आमच्या मते या सगळ्या व्यवस्थेत ही उचल सर्वांत महत्त्वाची आहे आणि चर्चच्या माहितीपत्रकांत तिचा उल्लेख जवळजवळ कधीच नसतो.

८. इतकी खटपट करण्यापेक्षा चर्चने सरळ पैसे पाठवावेत, ते सोपं नाही का?

सोपं आहे, आणि पूर-भूकंपात तेच करावं. पण दान एखाद्या वर्षी येतं, पुढच्या वर्षी दुसऱ्या कामाला जातं. खात्रीचं गिऱ्हाईक असलं की शेतकरी झाड छाटायचं की नवीन लावायचं हे ठरवू शकतो, संस्था गर काढायच्या यंत्रासाठी कर्ज घेऊ शकते, बँकेला दाखवायला करार असतो. शिवाय विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात. माल खराब निघाला तर चर्च तक्रार करू शकतं, भाव परवडला नाही तर संस्था नाही म्हणू शकते. दान घेणाऱ्याला नाही म्हणायची सोय फारशी नसते.

९. शेतकरी ख्रिस्ती असावे लागतात का? यातून धर्मप्रसार होतो का?

नाही, आणि होऊ नये. कुठलंही प्रमाणपत्र धर्म विचारत नाही. कुणी सदस्यत्वासाठी किंवा भावासाठी उपासनेची अट घालत असेल तर ती भागीदारी नव्हे, आणि आम्ही तिची शिफारस करणार नाही.

युगांडात माउंट एल्गनच्या उतारावर, एम्बालेजवळ, 'मिरेम्बे कावोमेरा' ही सहकारी संस्था २००४ मध्ये स्थापन झाली. जे. जे. केकी या ज्यू शेतकऱ्याने शेजारच्या ख्रिस्ती आणि मुस्लिम उत्पादकांना बरोबर घेऊन ती उभी केली. तिची कॉफी चर्चनेही घेतली, सिनेगॉगनेही.

श्रद्धेचा धागा थेट असलेल्या संस्थाही आहेत. मेक्सिकोच्या चियापासमध्ये 'लास आबेहास' हा अहिंसेवर निष्ठा असलेला कॅथलिक आदिवासींचा गट आहे. २२ डिसेंबर १९९७ रोजी आक्तेआल इथे सशस्त्र टोळीने प्रार्थनेला जमलेल्या त्यांच्या ४५ माणसांना ठार मारलं. त्यात बहुसंख्य बायका आणि मुलं होती. त्याच समुदायातल्या कॉफी उत्पादकांनी १९९९ मध्ये 'माया विनिक' ही संस्था काढली. तिची कॉफी घेणाऱ्या मंडळींना हा इतिहास ठाऊक असायला हवा. पाकीट विकण्यासाठी मात्र तो वापरू नये.

१०. आमची मंडळी लहान आहे. महिन्याला दहा पौंड कॉफी. त्याने कुणाला काय फरक पडणार?

हिशेब करून पाहू. महिन्याला १० म्हणजे वर्षाला १२० पौंड भाजलेली कॉफी. त्यासाठी साधारण १४५ पौंड हिरवं बी लागतं. न्यूयॉर्कच्या बाजारात एक सौदा ३७,५०० पौंडांचा असतो, म्हणजे जवळपास एक कंटेनर. तुमच्याएवढ्या अडीचशेच्या आसपास मंडळी एकत्र आल्या की एका संस्थेचा वर्षाचा एक पूर्ण कंटेनर उठतो. लहान संस्थेसाठी तो एक कंटेनर म्हणजे पुढच्या हंगामाची निश्चिंती.

एकट्या मंडळीने स्वतः आयात करायच्या फंदात पडू नये, हेही या हिशेबातूनच दिसतं. ज्यांच्यामागे आधीच शेकडो मंडळी आहेत अशा संस्थेकडून घ्या.

११. ही कॉफी महाग पडते आणि काहींना चवही आवडत नाही. समितीला काय सांगू?

आधी खर्च. एका पौंडात साधारण ४५ कप होतात. पाकीट ४ डॉलरने महाग असलं तरी कपामागे फरक ९ सेंटचा. तो एवढाच आहे हे समितीपुढे कागदावर मांडा. मोठ्या भांड्यात उरून ओतून दिली जाणारी कॉफी कमी केली तर निम्मा फरक तिथेच भरून निघतो.

चवीची तक्रार गंभीरपणे घ्या. सुरुवातीच्या काळात ही कॉफी खरोखरच यथातथा असायची, लोक ती कर्तव्य म्हणून प्यायचे. आता बऱ्याच सहकारी संस्थांकडे स्वतःचे चव पारखणारे आहेत. तरीही एक तिढा उरतो : चांगल्या मालाला बाहेर जास्त भाव मिळत असेल तर संस्था तो बाहेर विकते आणि कमी प्रतीचा फेअर ट्रेडच्या करारात देते. यावर इलाज म्हणजे दर्जाला वेगळा जादा भाव देणारा खरेदीदार निवडणं. आणि कॉफी ताजी वापरा. अर्ध्या तक्रारी चर्चच्या कपाटात सहा महिने उघड्या पडलेल्या पाकिटाच्या असतात, शेतकऱ्याच्या नाहीत.

१२. आमचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) ओळखीच्या शेतकऱ्यांची कॉफी आणतात. पाकिटावर कसलीच खूण नाही. ती फेअर ट्रेड म्हणायची का?

म्हणता येईल, पण तपासून. 'कॅफे हुस्तो' हे याचं नामांकित उदाहरण. ग्वातेमालाच्या सीमेजवळच्या साल्वादोर उर्बिना या चियापासमधल्या गावातून भाव पडल्यामुळे माणसं उत्तरेकडे जात होती. काही अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या, मेक्सिकोतल्याच आग्वा प्रिएतात पोचली. तिथे प्रेस्बिटेरियन चर्चचं सीमेवरचं काम होतं, त्याच्या मदतीने २००२ मध्ये शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. कॉफी चियापासमध्ये पिकते, भाजली जाते आग्वा प्रिएतात, आणि सीमेपलीकडे चर्चमध्ये विकली जाते. भाजणी आणि विक्री दोन्ही सभासदांच्या हातात असल्याने मधला नफा त्यांच्याकडेच राहतो. हिरवं बी विकणाऱ्या संस्थेला तो कधीच मिळत नाही.

तेव्हा खूण नसली तरी चालेल, पण उत्तरं हवीत. विकणारी संस्था कुणाच्या मालकीची? गेल्या हंगामात पौंडाला किती दिले, आणि तो भाव फळाचा, हिरव्या बियांचा की भाजलेल्या कॉफीचा? आगाऊ पैसे दिले का? शेतकऱ्यांची सभा होते का, हिशेब त्यांना दिसतो का? पाळकांचा चांगुलपणा हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

१३. मोठ्या मळ्याच्या कॉफीवरही फेअर ट्रेडची खूण पाहिली. ही चूक आहे की फसवणूक?

दोन्ही नाही, हा धोरणातला मतभेद आहे. फेअर ट्रेड यूएसएने २०११ नंतर मोठे मळे आणि संघटित नसलेले शेतकरी यांनाही प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, मळ्यावरचा मजूर हा शेतकऱ्याहून गरीब असतो, त्याला का वगळायचं? विरोधकांचं म्हणणं, मळ्याकडे भांडवल, रस्ते, कर्ज सगळं आधीच आहे. त्याच फळीवर त्याला उभं केलं तर सहकारी संस्था भावात मार खाणार. इक्वल एक्स्चेंजने या बदलाला उघड विरोध केला.

आम्ही विरोधकांच्या बाजूचे आहोत. मजुराचा प्रश्न खरा आहे (पुढचा प्रश्न पाहा), पण त्यासाठी लहान उत्पादकाची हक्काची जागा काढून घेणं पटत नाही. तुमच्या मंडळीला लहान शेतकऱ्यांनाच पाठिंबा द्यायचा असेल तर खूण पाहून थांबू नका, माल कोणत्या संस्थेचा हे विचारा.

१४. लहान शेतकऱ्याकडे तोडणीला येणाऱ्या मजुरांचं काय?

या व्यवस्थेची सगळ्यात दुबळी बाजू हीच. दोन-तीन एकरवालाही तोडणीला मजूर लावतो, आणि हमीभाव मजुरापर्यंत आपोआप झिरपत नाही. लंडनच्या सोआस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये इथिओपिया आणि युगांडावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रमाणित उत्पादक असलेल्या भागांत मजुरांची स्थिती इतरांहून चांगली दिसली नाही, असं त्यांनी मांडलं. फेअरट्रेड संघटनेने त्यातल्या तुलनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. वाद पद्धतीचा असला तरी मुद्दा झटकण्यासारखा नाही. चर्चने आपल्या पुरवठादाराला विचारावं : तोडणीची मजुरी किती, मुलं तोडणीला येतात का, आणि हे कोण तपासतं? उत्तर लगेच मिळणार नाही. पुन्हा विचारा.

१५. 'फेअरट्रेड चर्च' व्हायला काय करावं लागतं?

ही ब्रिटनमधली योजना. चर्चच्या अखत्यारीतल्या सगळ्या कार्यक्रमांत फेअरट्रेड चहा-कॉफी वापरणं, साखर, बिस्किटं, फळं अशा इतर वस्तूंकडे हळूहळू वळणं, आणि वर्षभर, विशेषतः फेअरट्रेड पंधरवड्यात, त्याचा प्रचार करणं, एवढ्या अटी आहेत.

१६. उपासनेनंतर पाकिटं विकून चर्चने नफा ठेवला तर चालेल का?

चालेल, लपवला नाही तर. घाऊक भावात घेऊन थोडा फरक ठेवून विकणाऱ्या अनेक मंडळी आहेत. टेबलावर दोन ओळी लिहा : पाकिटाचे किती, त्यातले चर्चच्या कामाला किती. विकत घेणाऱ्याला सगळे पैसे शेतकऱ्याला जातात असं वाटत असेल तर तो गैरसमज त्याच वेळी दूर करा.

१७. आमच्या गटाला शेतकऱ्यांना भेटायला जायचं आहे. जावं का?

संस्थेने बोलावलं तर जावं. ऐन तोडणीत जाऊ नका. घरातलं प्रत्येक माणूस बागेत असतं आणि तुमच्यासाठी स्वयंपाक करायला कुणाला तरी मागे राहावं लागतं. राहण्या-जेवण्याचे पैसे संस्थेच्या दराने द्या. भिंती रंगवायला जाऊ नका, त्यासाठी गावात माणसं आहेत आणि त्यांना मजुरी हवी आहे. हिशेबाच्या सभेला बसू द्याल का असं विचारून पाहा. एका भेटीत सगळ्यात जास्त तिथेच कळतं. आणि परत आल्यावर वैयक्तिक भेटवस्तू एखाद्याच कुटुंबाला पाठवू नका, त्याने सभासदांत तेढ येते.

१८. आम्हाला भागीदारी थांबवायची आहे, किंवा पुरवठादारच बंद पडला. आता?

थांबवणं हा गुन्हा नाही. पण हंगाम सुरू झाल्यावर अचानक थांबवणं शेतकऱ्याला महागात पडतं, कारण तुमच्या मागणीच्या भरवशावर संस्थेने सभासदांना शब्द दिलेला असतो. निर्णय झाला की किमान एक हंगाम आधी कळवा, ठरलेली मागणी पुरी करा आणि देणी चुकती करा. कारणही स्पष्ट सांगा. दर्जा, भाव, उशीर, जे असेल ते. संस्थेला पुढचा खरेदीदार शोधताना त्याचा उपयोग होतो.

पुरवठादार बुडाल्याचं उदाहरण आहेच. ब्रिटनमधल्या हजारो मंडळींना माल देणारी ट्रेडक्राफ्ट ही १९७९ पासूनची कंपनी जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली. चर्चच्या टेबलावरून विकणाऱ्यांना रातोरात नवा पुरवठादार शोधावा लागला. अशा वेळी जुन्या पाकिटावरचं शेतकरी संस्थेचं नाव बघा आणि तिचा माल दुसरं कोण आणतं ते शोधा. बहुतेक संस्था एकाहून जास्त आयातदारांना विकतात. पुरवठादार बदलला तरी शेतकरी तेच ठेवता येतात. तेवढ्यासाठी पाकिटावरचं नाव आधीपासून नोंदवहीत लिहून ठेवा.